मुरगळलेला घोटा आणि बुडालेली मजुरी



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी आपल्या गावाची रीत आहे. आमचे शाळेतील शिक्षण सातवीत संपले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात, कामगारांच्या सभांत आणि दवाखान्यांबाहेरच्या बाकांवर झाले. त्यातल्या त्यात बाकांवरचे जास्त. जखमी माणसाला घेऊन दवाखान्यात जायचे, डॉक्टर काय म्हणतात ते नीट ऐकायचे, न समजेल ते पुन्हा विचारायचे आणि घरी येऊन पुस्तकात पाहायचे, असा आमचा अभ्यासक्रम गेली तीस वर्षे चालू आहे. तेव्हा आज आम्ही जे सांगणार आहोत ते डॉक्टरांच्या ऐवजी नव्हे. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी आणि तेथून परत आल्यावर उपयोगी पडावे, एवढाच त्याचा हेतू आहे.

विषय पायाच्या घोट्याचा आहे. हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे कोणाला वाटेल. पाय मुरगळला नाही असा माणूस या मंडपात सापडणार नाही. आणि प्रत्येकाचा अनुभव असाच, की चार दिवस लंगडलो आणि बरा झालो. नेमके यामुळेच या दुखण्याला कोणी दुखणे मानीत नाही. हात मोडला तर गळ्यात झोळी दिसते, डोके फुटले तर पट्टी दिसते. मुरगळलेल्या पायाला ना रक्त, ना पुरावा. तो माणूस कामचुकार ठरायला वेळ लागत नाही. आणि असे ठरविण्यात आम्हीसुद्धा एकदा सामील होतो. ती गोष्ट आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचे बोलण्याचा आमचा अधिकार किती हे आपल्याला कळेल.

काही वर्षांपूर्वीची ही हकीकत. कांद्याचा हंगाम होता. डिसेंबर-जानेवारीत आपल्या बाजार समितीच्या आवारात कांद्याच्या गाड्यांच्या कशा रांगा लागतात, हे सोलापूरकरांना सांगायला नको. पहाटेच्या दवाने फळी निसरडी झालेली. आमच्या संघटनेतले एक जुने हमाल, सगळे त्यांना मामा म्हणत, पाठीवर पोते घेऊन गाडीवरून उतरत होते. पाऊल आत वळले, कटकन आवाज झाला आणि मामा पोत्यासकट खाली बसले. तासाभरात घोटा नारळाएवढा सुजला. घरी गूळ-चुन्याचा लेप झाला. शेजारच्या एका जाणत्याने तेल लावून पाय रगडला, ओढला आणि 'बसला' म्हणून सांगितले. तिसऱ्या दिवशी मामा पुन्हा पोत्याखाली. कारण टोळीचा हिशेब सरळ असतो: जो उभा, त्याचा हिस्सा.

पंधरा दिवसांनी आमचा मोर्चा होता. मामा म्हणाले, पाय साथ देत नाही. आम्ही म्हणालो, 'मामा, तुम्ही पुढे नसलात तर तुमची टोळी येणार नाही. चालता चालता पाय मोकळा होईल.' मामा आले. झेंडा घेऊन थेट पूनम गेटपर्यंत चालले. त्या वर्षात तोच पाय आणखी तीनदा मुरगळला. शेवटचा तर सपाट रस्त्यावर, हातात काही ओझे नसताना. तेव्हा कोठे आम्ही त्यांना हाडांच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि विचारले, 'पहिल्यांदा मुरगळला तेव्हा किती दिवस विश्रांती दिली?' आम्ही दोघांनीही खाली पाहिले.

आता घोट्यात असते काय, ते पाहू. पोटरीत दोन हाडे. आतले जाड नडगीचे, बाहेरचे बारीक. दोन्हींची खालची टोके घोट्याच्या दोन बाजूंना उंचवट्यासारखी हाताला लागतात. या दोघांनी मिळून एक खाच केलेली असते आणि त्या खाचेत पावलाचे वरचे हाड सुताराने खुंटी बसवावी तसे बसलेले असते. खुंटी हलावी पण निसटू नये, म्हणून निसर्गाने तिला बाजूंनी चिवट पट्ट्यांनी बांधले आहे. त्यांना अस्थिबंध म्हणतात; दवाखान्यात आपण 'लिगामेंट' ऐकतो. मागावर काम केलेल्यांनी चामड्याची वादी डोळ्यांसमोर आणावी. आतल्या बाजूची वादी रुंद आणि दणकट. बाहेरच्या बाजूला तीन वेगवेगळ्या वाद्या: एक पुढे, एक मधे टाचेच्या हाडाकडे उतरणारी, एक मागे. पाऊल आत वळले की सगळा ताण बाहेरच्या बाजूवर येतो आणि पहिल्याने पुढची वादी जाते, मग मधली. मागची क्वचितच. म्हणून मुरगळलेल्या पायाची सूज बहुतेक वेळा बाहेरच्या उंचवट्याच्या पुढेखाली दिसते.

याचे तीन प्रकार करतात. पहिल्यात वादी ताणली जाते, दुसऱ्यात अर्धवट फाटते, तिसऱ्यात तुटते. याखेरीज आणखी एक जात आहे. नडगीचे हाड आणि शेजारचे बारीक हाड यांना एकत्र धरणारे बंध घोट्याच्या वर असतात, ते फाटतात. दुखणे घोट्याच्या वरच्या अंगाला असेल आणि पाऊल बाहेर फिरवताना कळ येत असेल, तर हा संशय घ्यावा. याला बरे व्हायला जास्त दिवस लागतात, आणि हाडे एकमेकांपासून फाकली असतील तर स्क्रू किंवा मजबूत दोरा घालून ती जवळ आणावी लागतात.

पाय मुरगळल्याबरोबर करायचे काय? पहिली गोष्ट, रगडायचे नाही, ओढायचे नाही. फाटलेले कापड ओढून शिवले जात नाही. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेणारी आपली मंडळी घोट्यालाही कोणाचा ना कोणाचा हात लावून घेतात. तो मोह आवरावा. सुजेवर शेक आणि गरम तेल पहिल्या दोनतीन दिवसांत नको. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरावीस मिनिटे ठेवावा, काही तासांनी पुन्हा. सोलापूरच्या उन्हाळ्यात बर्फ मिळायला अडचण नाही. गोळ्याच्या गाडीवरही मिळतो. थेट कातडीवर मात्र ठेवू नये. मग बोटांकडून वर पोटरीकडे पट्टी बांधावी, बोटे काळीनिळी किंवा बधिर पडतील इतकी घट्ट नव्हे. आणि पाय उशीवर, छातीच्या पातळीच्या वर.

दुसरी गोष्ट, हाड मोडले आहे की काय हे ठरवणे. यासाठी कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ साली एक सोपी कसोटी प्रसिद्ध केली, ती आता जगभर वापरतात. आम्ही ती आमच्या टोळ्यांना पाठ करून घेतली आहे. मुरगळल्यावर लगेच आणि नंतर दवाखान्यातही माणसाला चार पावले टाकता येत नसतील, लंगडतसुद्धा नाही, तर क्ष-किरण चित्र काढावे. दोन्ही उंचवट्यांच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर हाडच दाबून दुखत असेल, तरीही काढावे. पावलाच्या बाहेरच्या कडेला करंगळीमागचे हाड जेथे जाड होते तेथे, किंवा पावलाच्या आतल्या कमानीच्या माथ्यावरच्या हाडावर दाबून दुखत असेल, तरीही. यांपैकी काहीच नसेल तर हाड मोडले असण्याची शक्यता फारच थोडी. चार पावलांची ही कसोटी घरातल्या लेकरालाही करता येते.

आता महत्त्वाचा मुद्दा. तुटलेला अस्थिबंधसुद्धा बहुतेक माणसांत चाकूशिवाय जुळून येतो. हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. पूर्वी अशा पायाला दीड-दोन महिने प्लॅस्टरमध्ये जखडून ठेवीत. आता अनुभव असा, की फार दिवस जखडल्याने सांधा आखडतो आणि पोटरी सुकते. म्हणून थोडे दिवस आधार द्यायचा, मग घोट्याचा पट्टा बांधून हळूहळू भार टाकायचा आणि लवकर हालचाल सुरू करायची. यातला गाभा व्यायाम हा आहे. अस्थिबंध नुसता बांधत नाही; पाऊल कोठे, किती कललेले आहे याची खबर तो मेंदूला देत असतो. तो फाटला की ती खबर बंद पडते. अंधारात पायरी चुकावी तसे पाऊल पडते आणि पुन्हा मुरगळते. ही खबर पुन्हा सुरू करण्याचा उपाय फुकटचा आहे. भिंतीजवळ दुखऱ्या पायावर एकट्याने उभे राहायचे, प्रथम डोळे उघडे ठेवून, मग मिटून. रोज, काही आठवडे. आमच्या विडी कामगार भगिनी दिवसभर मांडी घालून बसतात. त्यांतल्या एकीने सांगितले, 'दादा, चूल पेटेपर्यंत एका पायावर उभी राहते, तेवढाच व्यायाम.' तिचा पाय चाकूशिवाय बरा झाला.

मग चाकू कोणाला? ज्याने असा व्यायाम तीनचार महिने मनापासून केला, तरीही ज्याचा घोटा वारंवार दगा देतो, खडीवर, पायरीवर, उतारावर पाय आपोआप लचकतो, त्याला. किंवा ज्याच्या सांध्यात आतल्या कूर्चेला इजा झाली आहे, तिचा तुकडा सुटला आहे, त्याला. एम.आर.आय. चित्रात हे दिसते. केवळ दुखते म्हणून, किंवा पहिल्यांदाच मुरगळला म्हणून घाईने शस्त्रक्रिया करून घेण्याचे कारण सहसा नसते. जो डॉक्टर आधी व्यायाम करायला सांगतो तो टाळाटाळ करतो आहे असे समजू नये.

शस्त्रक्रियेची कथा मोठी उद्बोधक आहे. आधीचे शल्यविशारद घोट्याच्या बाहेरून जाणारी एक निरोगी कंडरा घेत, हाडाला भोक पाडून तीतून ओवीत आणि नवी वादी तयार करीत. घोटा बांधला जाई, पण सांधा आखडे आणि चांगली कंडरा खर्ची पडे. एका घराची तुळई काढून दुसऱ्याला लावण्यातला प्रकार. स्वीडनमधील शल्यविशारद ब्रोस्ट्रम यांनी १९६६ साली दाखवून दिले, की जुनी फाटलेली, सैल पडलेली वादीच शोधून, आखूड करून, तिच्या मूळच्या जागी शिवता येते. उसन्या कंडरेची गरज नाही. १९८० साली अमेरिकेतील गूल्ड यांनी त्यात भर घातली. घोट्यापुढचा एक चिवट पडदा ओढून त्या शिवणीवर टाकला, दुहेरी शिवण झाली. आजही जगात बहुतेक ठिकाणी याच दोघांच्या पद्धतीने काम चालते. फरक इतकाच, की हाडात लहानसा खिळा बसवून त्याच्या दोऱ्याने शिवतात, आणि पुष्कळ ठिकाणी दुर्बिणीतून आधी सांध्याचे आतले अंग पाहून घेतात. वादी अगदीच कुजल्यासारखी झाली असेल, तर मात्र अजूनही दुसरीकडची कंडरा आणावी लागते.

कमरेत सुई देऊन खालचे अंग बधिर करतात. काम साधारण तासा-दीड तासाचे. बहुतेकांचे घोटे यानंतर स्थिर होतात. धोके नाहीत असे मात्र नाही. जखमेत पू होऊ शकतो, जवळून जाणारी मज्जातंतूची फांदी दुखावून पावलाच्या पाठीवर बधिरता येऊ शकते, पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते, सांधा काहीसा आखडू शकतो. मधुमेह असेल तर साखर आधी आटोक्यात हवी. आणि विडीच्या गावात उभे राहून हे बोलणे अवघड आहे, पण बोलले पाहिजे: धूम्रपानाने जखम उशिरा भरते. आमच्या भगिनींच्या पोटावर येणार नाही असा मार्ग विडी उद्योगाला सापडो. पण शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर रोग्याने विडी ओढू नये.

मामांची शस्त्रक्रिया झाली. चाकूचे काम जेवायच्या सुटीआधी आटोपले. खरे काम त्यानंतर सुरू झाले. पहिले दोन आठवडे अर्धे प्लॅस्टर, पाय उंच, जमिनीला टेकवायचा नाही, कुबड्यांवर मोरीपर्यंत जाणे म्हणजे मोहीम. दोन आठवड्यांच्या सुमारास टाके निघाले. पुढे सहाव्या आठवड्यापर्यंत पायाला बुटासारखा कडक आधार आणि डॉक्टर सांगतील तेवढा तेवढा भार. या काळात पाऊल वरखाली करायचे, पण आत वळवायचे नाही. नवी शिवण तेथेच उसवते. सहाव्या आठवड्यानंतर बूट गेला, पट्टा आला. मग व्यायामशिक्षकांच्या देखरेखीखाली पोटरीच्या बाहेरच्या स्नायूंना बळ आणणे, टाचा उचलणे आणि तेच आपले एका पायावर उभे राहणे. तिसऱ्या महिन्यात मामा देवळापर्यंत सरळ चालू लागले. बसून करायचे काम दीडदोन महिन्यांत जमते. पाठीवर ओझे घेऊन फळी चढायची असेल, खेळायचे-धावायचे असेल, तर चारपासून सहा महिने. प्रत्येकाचा पाय वेगळा, पण घाई कोणाच्याच पायाला मानवत नाही.

घाईचे एक उदाहरण आपण सर्वांनी पाहिले आहे. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी पुण्याजवळच्या गहुंजे येथील मैदानावर विश्वचषकाचा भारत-बांगलादेश सामना चालू होता. हार्दिक पंड्या यांनी आपल्याच गोलंदाजीवर आलेला फटका पायाने अडवला, पडले, आणि डावा घोटा दुखावला. षटक दुसऱ्याला पुरे करावे लागले. ते पुन्हा त्या स्पर्धेत खेळले नाहीत. पुढे मुलाखतीत त्यांनीच सांगितले, की लवकर परतण्यासाठी घोट्यात तीन जागी सुया घेतल्या, सुजेतले रक्त काढवून घेतले, खूप जोर लावला. पण त्या जोराने दुखणे लांबले आणि काही आठवड्यांचे काम महिन्यांवर गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते मैदानावर परतले आणि त्याच वर्षी २९ जूनला वीस षटकांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातले शेवटचे षटक त्यांनीच टाकले. म्हणजे थांबलेला पाय वाया गेला नाही.

यात आम्हाला दोन गोष्टी दिसतात. एक, जगातले उत्तम वैद्यक हाताशी असूनही शरीराने आपला वेळ घेतलाच. घोट्याला श्रीमंत-गरीब कळत नाही. दुसरी, त्या वेळात त्या खेळाडूच्या घरची चूल विझण्याचा प्रश्न नव्हता. मामांच्या घरी तो प्रश्न तिसऱ्या दिवशीच उभा होता. आज शस्त्रक्रियेचा खर्च भागण्याला काही वाटा आहेत. आपले सिव्हिल आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, तिच्या यादीत आपली शस्त्रक्रिया बसते का हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारावे. पण या वाटा दवाखान्याच्या दारापर्यंतच्या. दारातून बाहेर पडल्यावरचे चार महिने कोणी द्यायचे?

कायदा काय म्हणतो ते ऐका. कामगार राज्य विम्याचा कायदा १९४८ चा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली. विमा लागू असलेल्या कामगाराला आजारपणासाठी वर्षात ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के मिळतात. पण दुखापत कामावर झाली असे ठरले, तर तात्पुरते अपंगत्व असेपर्यंत ९० टक्के. आता हिशेब करा. ९१ दिवस म्हणजे तीन महिने, आणि घोट्याला हवेत चार ते सहा. तेव्हा 'आजार' की 'कामावरचा अपघात', या दोन शब्दांत एका संसाराचा फरक आहे. तो फरक ठरतो त्या दिवशी अपघाताच्या नोंदवहीत केलेल्या एका ओळीवर. आणि मुरगळलेल्या पायाची ती ओळ कोणी लिहीत नाही, कारण रक्त दिसत नाही. म्हणून आम्ही हात जोडून सांगतो: पाय मुरगळला की बर्फाआधी नोंद करा; नोंदीला दोन मिनिटे लागतात.

शिवाय ही विम्याची छत्री सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक माणसे असलेल्या जागांवर. आपल्या गावातल्या छोट्या शेडमधला यंत्रमागावरचा माणूस, घरकाम करणारी बाई, बांधकामावरचा बिगारी, हे बहुधा तिच्या बाहेर. हमालांसाठी आपल्या राज्याने १९६९ साली माथाडी कायदा केला, त्याचा मोठा आधार झाला. पण टोळीतल्या हिशेबात 'जो उभा त्याचा हिस्सा' हा नियम अजून पुष्कळ ठिकाणी चालतो. ओझ्याचेही तेच. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने शिफारस केली, की पुरुषाने एका खेपेला जास्तीत जास्त ५५ किलो उचलावे. पोते भरताना ही शिफारस किती जणांना आठवते, ते बाजारात जाऊन पाहावे.

मामांच्या वेळी आम्ही टोळीला एकत्र बसवले. पहिल्या दिवशी भांडण झाले. 'आम्ही ओझी वाहायची आणि त्यांनी घरी बसून हिस्सा घ्यायचा?' असे एक तरुण बोलला. दुसऱ्या दिवशी तोच म्हणाला, 'उद्या माझा पाय गेला तर?' ठरले असे, की दोन महिने अर्धा हिस्सा घरपोच, पुढचे महिने पोती मोजणे आणि चिठ्ठ्या लिहिणे हे बसून करायचे काम मामांकडे. फळीवर गोणपाट ठोकले, पाय घसरू नये म्हणून. खर्च जवळजवळ काहीच नाही. हे आम्हाला त्या पहाटेच्या आधी सुचायला हवे होते.

मामांचा घोटा आता दगा देत नाही. शिवण उत्तम बसली. पण वर्षभर सैल घोट्यावर चालल्याने आतली कूर्चा घासली गेली होती, ती काही परत येत नाही. संध्याकाळी पाय दुखतो. पोते आता ते उचलत नाहीत. काट्यापाशी तोलाईचे काम करतात. तेरा दिवसांची विश्रांती आणि तीन महिन्यांचा व्यायाम पहिल्यांदाच मिळाला असता, तर बहुधा चाकूची वेळच आली नसती. त्या तेरा दिवसांपैकी मोर्चाचा एक दिवस आमच्या नावावर आहे.

हे गाव डॉक्टर द्वारकानाथ कोटणिसांचे. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा शल्यविशारद १९३८ मध्ये परक्या देशातल्या जखमींच्या सेवेला चीनमध्ये गेला आणि १९४२ मध्ये तेथेच त्यांची सेवा करता करता वारला. आपल्यापैकी कोणाला इतके दूर जायचे नाही. येथे दुकानदार बसले आहेत, शेडचे मालक बसले आहेत, घरी मोलकरीण ठेवणाऱ्या भगिनी आहेत. आपल्या आवारात कोणाचा पाय मुरगळला तर चार पावलांची कसोटी करा, नोंद करा, आणि त्याला बसून करता येईल असे काम चार महिने द्या. संघटनेच्या पुढाऱ्यांना, म्हणजे आम्हालाच, एवढे सांगणे आहे, की लंगडणाऱ्या माणसाच्या हातात झेंडा देऊ नये.